हनुवटी मागे आहे की जबडा?

बाजूने काढलेल्या फोटोत हनुवटी आत गेलेली दिसते, ओठांच्या खालून चेहरा थेट मानेकडे उतरतो. लग्न ठरायच्या आधी, किंवा कितीतरी वर्षं मनात खुपत असतं म्हणून माणूस शेवटी डॉक्टरांकडे जातो. प्रश्न ठरलेला असतो: हनुवटीच्या छोट्या ऑपरेशनवर भागेल, की जबड्याचं मोठं करावं लागेल? खर्च, सुट्टी, भीती, घरच्यांची समजूत हे सगळं त्या प्रश्नात दडलेलं असतं, म्हणून तो रास्तच आहे. पण ही एकाच तक्रारीवरची लहान आणि मोठी अशी दोन मापं नव्हेत. कमतरता वेगवेगळ्या ठिकाणी असते, आणि ती कुठे आहे हे कळेपर्यंत यातलं काहीच निवडता येत नाही.

गैरसमज: हनुवटी आत आहे म्हणजे जबडा लहान आहे

खालचा जबडा हे एकच हाड. ते एका कानापुढच्या सांध्यापासून निघून समोरून वळून दुसऱ्या कानापुढच्या सांध्यापर्यंत जातं. त्याच्या वरच्या कडेवर दात बसलेले असतात आणि पुढच्या भागात, दातांच्या मुळांच्याही खाली, जो उंचवटा असतो ती हनुवटी. काही जणांचा फक्त हा उंचवटा कमी असतो. दात जागेवर, चावा नीट, जेवणाची अडचण नाही. काही जणांचं मात्र अख्खं हाडच मागे असतं आणि त्याच्याबरोबर खालचे सगळे दातही मागे गेलेले असतात. तिसराही एक प्रकार आहे आणि तो बऱ्याचदा नजरेतून सुटतो. त्यात वरचा जबडा उभा जास्त वाढलेला असतो, त्यामुळे खालचा जबडा खाली आणि मागे फिरतो. चेहरा लांबट दिसतो, हसताना हिरड्या खूप दिसतात, ओठ सहज मिटत नाहीत. इथे मूळ दुखणं वरच्या जबड्यात असतं. तो वर सरकवला की खालचा जबडा आपोआप पुढे फिरतो.

आरशासमोर बसून काही गोष्टी घरीच पाहता येतात. मागच्या दाढा एकमेकींवर टेकवा आणि गाल बाजूला ओढून बघा. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या साधारण २ ते ३ मिलिमीटर पुढे असणं नेहमीचं आहे. त्याहून बरंच जास्त अंतर असेल, किंवा खालचे दात वर टाळूला टोचत असतील, तर गोष्ट हनुवटीपुरती नाही. मग ओठ मिटा आणि हनुवटीची त्वचा पाहा. तिथे बारीक खड्डे पडत असतील तर ओठ मिटवायला हनुवटीच्या स्नायूला जोर लावावा लागतोय. आता खालचा जबडा हळूच पुढे सरकवून पुढचे दात एकमेकांसमोर आणा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. चेहरा सुधारलेला वाटला तर जबडा मागे असण्याची शक्यता बळावते. उलट तोंड पुढे आल्यासारखं, बिघडल्यासारखं वाटलं तर कमतरता दुसरीकडे असावी. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांशी काय बोलायचं ते कळतं.

एक सावधगिरी हवी. जबडा मागे असलेल्या अनेकांना तो नकळत पुढे धरून ठेवायची सवय असते. बोलताना, फोटो काढताना तो पुढेच असतो. म्हणून डॉक्टर जबडा सैल सोडायला लावतात आणि सांधा खऱ्या जागी बसल्यावर दात कुठे टेकतात ते बघतात.

गैरसमज: दात सरळ आहेत, तेव्हा जबडा ठीकच असणार

सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथे होतात असं मला वाटतं. हाड मागे असलं तरी दात आपल्या परीने ते अंतर भरून काढायला बघतात. खालचे पुढचे दात बाहेर कलतात, मग वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. शाळेत असताना वरच्या दोन उपदाढा काढून, तारा लावून पुढचे दात मागे घेतले असतील तर चावा व्यवस्थित जुळतो, पण दोन्ही हाडं आपापल्या जागीच राहतात. काहींच्या बाबतीत हा उपाय योग्यच असतो. काहींचा मात्र वरचा ओठही मागे जातो, नाक मोठं वाटायला लागतं, आणि मग तो माणूस नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करत फिरतो.

म्हणूनच चेहऱ्याचा बाजूचा मापबद्ध एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, लागतो. अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी १९३१ साली ही पद्धत मांडली. त्यावर कवटीच्या तळाच्या रेषेशी दोन्ही जबडे किती अंशांचा कोन करतात ते मोजतात. प्रचलित मापांत वरच्या जबड्यासाठी सुमारे ८२ अंश, खालच्यासाठी सुमारे ८० आणि दोघांतला फरक २ च्या आसपास धरतात. खालच्याचा आकडा घसरून फरक ४ च्या वर गेला की जबडा मागे असल्याचा संशय येतो. ही मूळ मापं परदेशी चेहऱ्यांवरून आलेली आहेत आणि आपल्याकडे दात-ओठ थोडे पुढे असणं अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे एकट्या आकड्यावर कुणी निर्णय सांगू नये. पण हा एक्स-रे न काढता, दातांची मापं न घेता, नुसता चेहरा बघून हनुवटीच्या ऑपरेशनची तारीख मिळत असेल तर ती घेऊ नका.

गैरसमज: हनुवटीचं ऑपरेशन म्हणजे जबड्याच्याच ऑपरेशनची स्वस्त आवृत्ती

हनुवटीच्या ऑपरेशनात खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन दातांच्या मुळांखालचा हाडाचा तुकडा आडवा कापतात, पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्टीने बसवतात. दुसरा मार्ग म्हणजे हाडावर सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र पॉलिइथिलीनचा तुकडा ठेवणं. तो पुढे जागेवरून सरकू शकतो, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, त्याच्या दाबाने खालचं हाड थोडं झिजू शकतं. फिलरचं इंजेक्शन तर कालांतराने विरून जातं. या तिन्हींत दातांना हातही लागत नाही. चावा होता तसाच राहतो.

जबडा पुढे घेण्याचं ऑपरेशन मुळातच निराळं. ऑस्ट्रियाचे ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी १९५७ साली तोंडाच्या आतून करायची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्याच सुधारलेल्या रूपात ते आज होतं. दोन्ही बाजूंना, दाढांच्या मागच्या भागात, हाड उभं चिरून त्याचे दोन पापुद्रे वेगळे करतात. सांध्याकडचा भाग जागेवर राहतो आणि दातांसकट पुढचा भाग सरकतो. हनुवटी, खालचा ओठ, जिभेचा पाया, सगळंच पुढे येतं.

जबडा मागे असताना फक्त हनुवटी पुढे आणली तर काय होतं? खालचा ओठ मागेच राहतो आणि ओठ-हनुवटीमधली खाच खोल होते. ज्यांचे वरचे दात खालच्यांना झाकून टाकतात त्यांच्यात ती खाच आधीच खोल असते. त्यांची हनुवटी पुष्कळदा छान भरलेली असते, मागे असतो तो जबडा. अशा चेहऱ्यावर हनुवटी आणखी पुढे नेणं म्हणजे दोष अधोरेखित करणं. पुढे कधी चाव्याच्या किंवा झोपेच्या त्रासासाठी जबडा पुढे घ्यायची वेळ आली, तर आधी सरकवलेली हनुवटी जास्तच पुढे जाते आणि ती पुन्हा मागे घ्यावी लागते.

ज्यांचा चावा नीट आहे, झोपेची तक्रार नाही आणि उंचवटाच कमी आहे, त्यांच्यासाठी मात्र हनुवटीचं ऑपरेशन हाच खरा इलाज आहे. “करायचंच तर मोठंच करून टाका” असं त्यांना कुणी सांगत असेल तर तेही तितकंच चूक. काही जणांना दोन्ही लागतात आणि ती एकाच वेळी करता येतात.

गैरसमज: जबड्याचं ऑपरेशन म्हणजे तोंड तारेने बांधून सहा आठवडे बंद

पूर्वी तसं होतं. आता हाड पट्ट्या आणि स्क्रूने बसवतात, त्यामुळे तोंड उघडता येतं, फक्त दातांना दिशा द्यायला रबर लावतात. सुरुवातीला पेज, वरणाचं पाणी, ताक, मग गुरगुट्या भात, मऊ खिचडी. सहा आठवडे चावायचं नाही, भाकरी आणि चिक्की त्यानंतरच. खालच्या अक्कलदाढा असतील तर अनेक सर्जन त्या सुमारे सहा महिने आधी काढून घेतात.

खरी कसोटी ऑपरेशनच्या आधी असते. साधारण वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लागतात आणि त्या काळात चेहरा सुधारण्याऐवजी बिघडल्यासारखा वाटतो. बाहेर कललेले खालचे दात ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारा दंतवैद्य, मुद्दाम सरळ उभे करतो. वरच्या-खालच्या दातांतलं अंतर वाढतं, जबडा पूर्वीपेक्षा मागे दिसतो, नातेवाईक विचारायला लागतात की हे काय चाललंय. पण जबडा जितका पुढे यायला हवा तितकी जागा अशानेच मिळते. ही गोष्ट पहिल्या दिवशी समजावून सांगितली नाही तर माणसं घाबरून मध्येच उपचार सोडतात, आणि अर्धवट सोडलेली अवस्था मूळ अवस्थेपेक्षा वाईट असते. काही निवडक लोकांमध्ये ऑपरेशन आधी आणि तारा नंतर असाही क्रम ठेवता येतो.

गैरसमज: चेहऱ्याला लकवा मारतो

लोक ज्याला लकवा म्हणतात तो सहसा बधिरपणा असतो. खालच्या जबड्याच्या आतून जी नस जाते ती ओठ हलवत नाही, ओठ आणि हनुवटीला स्पर्श कळवते. जबडा चिरताना ती ताणली जाते. पाणी पिताना ओघळ गेलेला कळत नाही, ओठावर भाताचं शीत राहिलेलं दुसऱ्याने सांगावं लागतं. काही आठवड्यांत ते महिन्यांत संवेदना परत येते, पण काहींना थोडा बधिरपणा कायमचा राहतो आणि वय जास्त असेल तर ही शक्यता वाढते. नुसत्या हनुवटीच्या ऑपरेशनातही हा धोका असतो, कमी प्रमाणात. बधिरपणाचा हा धोका आपल्याला चालेल का, हे स्वतःला विचारूनच संमतीपत्रावर सही करावी.

सांध्याचीही चौकशी हवी. गेल्या दोन-चार वर्षांत चावा बदललाय, पुढचे दात पूर्वी टेकायचे ते आता टेकत नाहीत असं असेल तर सांध्याचं हाड झिजत असू शकतं. तरुण मुलींमध्ये हे जास्त आढळतं. झीज चालू असताना जबडा पुढे घेतला तर तो पुन्हा मागे जातो.

गैरसमज: घोरण्याचा हनुवटीशी काय संबंध?

जिभेला पुढे ओढणारा मुख्य स्नायू हनुवटीच्या मागच्या बाजूला चिकटलेला असतो. जबडा मागे असेल तर जीभही मागे असते आणि झोपेत श्वासाची वाट अरुंद होते. अशा प्रत्येकालाच झोपेत श्वास अडकण्याचा विकार असतो असं नाही. पण जोराचं घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी येणं असं काही असेल तर आधी रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्यावी. त्या विकारात दोन्ही जबडे पुढे घेण्याचं ऑपरेशन अतिशय परिणामकारक ठरतं. हाड कापून सरकवलेल्या हनुवटीबरोबर स्नायूही थोडा पुढे येतो. सिलिकॉनच्या तुकड्याने श्वासाच्या वाटेला काहीच फायदा होत नाही.

गैरसमज: जीभ टाळूला लावून, च्युइंगम चघळून जबडा पुढे येतो

मोठ्या माणसाचं हाड याने पुढे येत नाही. च्युइंगमने फारतर चावण्याचा स्नायू जाड होतो आणि सांधा दुखतो.

गैरसमज: सगळी सौंदर्याचीच हौस, कायदा आणि विमा यात फरक करत नाहीत

फरक करतात. आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे आणि सौंदर्यशस्त्रक्रिया त्यातून वगळलेली आहे. पण जन्मजात दोष, वाढीतला बिघाड किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी ती केली असेल तर सूट लागू होते. विम्याच्या ठरावीक अटींतही सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते, मात्र अपघात, भाजणं वा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि प्रकृतीचा थेट धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार यांना अपवाद असतो. त्यामुळे सेफॅलोग्राम, दातांचे साचे, झोपेच्या तपासणीचा अहवाल आणि डॉक्टरांचं लेखी कारण जपून ठेवा, आणि कंपनीकडून ऑपरेशनच्या आधी लेखी उत्तर घ्या. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय, बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन एकाच छताखाली भेटतात. या निर्णयात दोघांचंही मत लागतं.

गैरसमज: मूल लहान आहे, मोठं झाल्यावर बघू

ऑपरेशनसाठी वाढ थांबायची वाट बघावी लागते हे खरं, पण तपासणीसाठी थांबायचं नसतं. दहा ते चौदाच्या सुमारास, उंची भराभर वाढत असताना, खालचा जबडा पुढे धरायला लावणारी काढ-घाल करता येणारी उपकरणं देतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी बनवलेलं ट्विन ब्लॉक त्यातलं सर्वांत परिचित. त्याने वरचे पुढे आलेले दात मागे येतात, चावा सुधारतो आणि पुढच्या उपचारांचा भार बराच हलका होऊ शकतो. मुलींची वाढ मुलांच्या आधी होते, तेव्हा त्यांना आधी दाखवावं.

आणि एक गोष्ट प्रत्येक आईवडिलांना माहीत असायला हवी. मूल झोपाळ्यावरून किंवा जिन्यावरून हनुवटीवर पडतं, हनुवटी फुटते, टाके घालून घरी आणतात. मार हनुवटीला लागलेला असतो, पण हाड मोडतं ते कानापुढच्या सांध्याजवळ. ते लक्षात आलं नाही आणि दुखतं म्हणून मूल तोंड हलवेनासं झालं, तर सांधा हळूहळू जखडत जातो, तोंड कमी उघडायला लागतं आणि जबड्याची वाढ खुंटते. भारतात जखडलेल्या सांध्याचं बालपणीचा मार हे मोठं कारण आहे. म्हणून टाके पडल्यावर मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगा. तोंड एका बाजूला वळत असेल, कानापुढे दुखत असेल, दात नेहमीसारखे जुळत नसतील, तर त्याच दिवशी सांध्याचा एक्स-रे काढून घ्या आणि जबड्याच्या सर्जनला दाखवा. मुलांमध्ये यावर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम लवकर सुरू करावे लागतात आणि पुढची काही वर्षं जबडा दोन्ही बाजूंनी सारखा वाढतोय ना, हे नियमाने तपासावं लागतं.