आगोच्या आखातातील मोत्यांची लागवड

जपानच्या मिए प्रांतात, शिमा द्वीपकल्पाच्या कुशीत, टेकड्यांनी आणि लहानमोठ्या खाड्यांनी वेढलेले आगो नावाचे जे आखात आहे, त्याच्या संथ पाण्यावर तराफ्यांच्या रांगा तरंगत असतात आणि त्यांच्याखाली जाळ्यांतून टांगलेल्या शिंपल्या, माणसाने त्यांच्या पोटात घातलेल्या मण्यांवर, मुकाट्याने पुटे चढवीत असतात. या उद्योगाचा पाया घालणारा मिकिमोतो कोकिची हा जवळच्याच तोबा गावातील एका खानावळवाल्याचा मुलगा. बेसुमार उपशामुळे शिंपल्यांचा निर्वंश होतो की काय अशी धास्ती पडलेल्या काळात त्याने १८८८ मध्ये त्यांची जोपासना आरंभिली आणि तोक्यो विद्यापीठातील प्राध्यापक मित्सुकुरी यांच्या सल्ल्याने, अनेकदा हात पोळल्यावर, १८९३ च्या जुलैत अर्धगोल मोती मिळविला.

पूर्ण गोल मोत्याचे श्रेय मात्र एकट्या त्याचे नव्हे. त्याचा जावई, प्राणिशास्त्रज्ञ निशिकावा, आणि मिसे नावाचा एक सुतार या दोघांनी ती युक्ती १९०७ च्या सुमारास स्वतंत्रपणे पुढे मांडली. मिकिमोतोच्या विलक्षण जाहिरातकौशल्यापुढे सुताराचे नाव झाकोळून गेले, हे मला अन्यायाचेच वाटते.

युक्ती ऐकायला सोपी, करायला महाकठीण. शिंपलीचे तोंड खुंटीने किंचित उघडे ठेवून, पायाच्या मुळाशी बारीक छेद घेऊन, थेट जननग्रंथीपर्यंत वाट करावयाची. तीतून, अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या शिंपल्यांच्या जाड कवचापासून घडविलेला वाटोळा मणी आत सरकवावयाचा. आणि दुसरी शिंपली बळी देऊन तिच्या प्रावरणाचा कापलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा त्या मण्याला चिकटून बसेल असा ठेवावयाचा, तोही कवचाकडची बाजू मण्याला टेकेल अशाच बेताने. तुकड्यातील पेशी वाढून मण्याभोवती पिशवी तयार होते आणि तीच पुढे थरावर थर रचते. तुकडा सरकला वा उलटा पडला, की सारी मेहनत पाण्यात. शिवाय कित्येक शिंपल्या शस्त्रक्रियेनेच दगावतात, कित्येक मणी बाहेर टाकून देतात. उरतात त्यांना वर्ष-दीड वर्ष, प्रसंगी त्याहून अधिक काळ सांभाळून, कवचावर चढलेले शेवाळ व किडे पुन्हापुन्हा खरवडून, काढणी ऐन हिवाळ्यात करतात. कारण थंड पाण्यात शेवटचे थर अतिशय पातळ बसतात आणि मोत्याला खरा आब येतो.

हा माल १९२०च्या सुमारास युरोपच्या पेठेत उतरला तेव्हा जवाहिऱ्यांनी तो नकली ठरवून ओरड केली. परंतु १९२४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने निवाडा मिकिमोतोच्या बाजूने दिला. त्याचा फटका दूरवर बसला. इराणच्या आखातातील बसराई मोती निवडीसाठी आणि वेज पाडण्यासाठी मुंबईत येत, आणि तेथून जगभर जात. जागतिक मंदीची आणि जपानी मोत्याची गाठ पडली तेव्हा तो जुना व्यापार मोडकळीस आला.

जपानी सरकारने १९५२ मध्ये कायदा करून निर्यातीच्या मालाची तपासणी सक्तीची केली आणि निकृष्ट मोत्यांना मज्जाव केला. तरीही तराफे वाढतच गेले आणि १९६७ मध्ये अतिउत्पादनाने बाजार कोसळला. परंतु बाजारापेक्षा समुद्राचा रोष भारी. १९०५ मध्येच सूक्ष्म जीवांच्या बेसुमार वाढीने पाणी तांबडे होऊन मिकिमोतोच्या लाखो शिंपल्या मेल्या होत्या. पुढे दाटीवाटीने टांगलेल्या शिंपल्यांची विष्ठा तळाशी साचून उन्हाळ्यात तेथील प्राणवायू नाहीसा होऊ लागला. १९९० नंतरच्या दशकात शिंपल्यांचे मांस तांबूस करून त्यांना मारणारी साथ पसरली. आणि २०१९ मध्ये पिलेच मोठ्या संख्येने मेली, ज्याच्या मुळाशी एक विषाणू असल्याचे संशोधकांनी पुढे दाखविले. संकरित वाण उपजविणे, शिंपल्या विरळ टांगणे, पाण्याच्या उष्णतेवर नजर ठेवून त्या खोल वा दूर नेणे, असे उपाय चालू आहेत.

यांखेरीज आणखी एक उपाय मला विशेष शहाणपणाचा वाटतो. एके काळी भातशेतीसाठी बांध घालून आखाताच्या काठचे चिखलाचे पट्टे समुद्रापासून तोडण्यात आले होते. पुढे शेती सुटली, बांध राहिले, आणि पाणी गाळून स्वच्छ करणारे किडे व कालवे त्या पट्ट्यांतून नाहीशी झाली. अलीकडे शिमा येथे काही पडीक खाचरांच्या बांधांतील झडपा उघडून भरतीचे पाणी पुन्हा आत घेण्यास आरंभ झाला आहे.