सेकंडहॅण्ड अर्टिगा घेताय? इसार देण्याआधी गाडीचा मागचा जन्म तपासा

उसाचं बिल जमा झालं, कांद्याला बरा भाव मिळाला किंवा घरात लग्न ठरलं, की तालुक्याच्या गावात हमखास एक चौकशी सुरू होते, "एखादी चांगली अर्टिगा असली तर सांगा." सात जणांना बसता येतं, अ‍ॅव्हरेज बरं आहे, पार्ट कुठंही मिळतात आणि इनोव्हापेक्षा निम्म्या पैशात काम होतं, हा सगळ्यांचा हिशोब. तो बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण जुन्या बाजारात हीच गाडी सर्वात जास्त टॅक्सीतून, टूर्समधून आणि कंपन्यांच्या भाड्यातून येते. त्यामुळं दोन अर्टिगा एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या असल्या तरी एक पाच वर्षं चालते आणि दुसरी पहिल्याच पावसाळ्यात गॅरेजला लागते. मॉडेल चांगलं आहे का, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ही गाडी आजवर कुठं आणि कोणाच्या हातात चालली.

कोणत्या वर्षाची, कोणतं इंजिन?

मारुतीने अर्टिगा एप्रिल २०१२ मध्ये बाजारात आणली. तेव्हा १.४ लिटर पेट्रोल (९५ पीएस) आणि १.३ लिटर डीडीआयएस डिझेल (९० पीएस) अशी दोन इंजिनं होती. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तोंडवळा बदलला आणि डिझेलला एसएचव्हीएस ही सौम्य हायब्रिड यंत्रणा आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या पिढीची, लांबीला मोठी अर्टिगा आली. तिच्यात १.५ लिटर पेट्रोल (१०५ पीएस) आणि सुरुवातीला तेच १.३ डिझेल होतं. २०१९ मध्ये मारुतीचं स्वतःचं १.५ लिटर डिझेल सहा गिअरसह आलं, पण बीएस-६ नियम लागू होताना, एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. म्हणजे डिझेल अर्टिगा हवी असेल तर ती २०२० च्या आधीचीच मिळणार. त्यातही १.५ डिझेल जेमतेम वर्षभर विकलं गेल्यानं त्याच्या गाड्या कमी. ती घेताना जवळच्या मिस्त्रीला त्या इंजिनाची सवय आहे का, हे विचारून घ्यावं.

१.३ डिझेल मात्र गावोगावच्या गॅरेजवाल्यांना पाठ आहे. मूळ फियाटचं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर आणि टाटाच्याही काही गाड्यांत होतं. त्याला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, म्हणून ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. पण एक फरक लक्षात ठेवावा. स्विफ्टमधलं हेच इंजिन ७५ पीएसचं आणि साध्या टर्बोचं, तर अर्टिगातलं ९० पीएसचं, व्हेरिएबल टर्बोचं. हा टर्बो गेला तर खर्च स्विफ्टपेक्षा मोठा बसतो.

पेट्रोल की डिझेल? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा

अ‍ॅव्हरेज ऐकून डिझेल घेणारे अनेकजण स्वतःचं रनिंग मोजतच नाहीत. सोयीसाठी पेट्रोल अर्टिगा लिटरला १४ आणि डिझेल १९ किमी देते असं धरू. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलं, तर महिन्याला ६०० किमी चालवणाऱ्याचे डिझेलमध्ये साधारण १,६०० रुपये वाचतात. वर्षाचे झाले १९ हजार. एक क्लच प्लेट, नाहीतर इंजेक्टरचं एखादं काम निघालं की ही बचत संपली. हेच रनिंग महिन्याला २,००० किमी असेल तर बचत पाच हजारांच्या पुढं जाते आणि डिझेल परवडतं.

बाजार, दवाखाना, मुलांची शाळा आणि वर्षातून दोनदा देवदर्शन एवढंच फिरणं असेल, तर पेट्रोल गाडी डोकेदुखी कमी देते. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि जुन्या गाड्या ते डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या नाहीत. अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, हे हिशोबात धरावं आणि इंधनाच्या रबरी नळ्या मिस्त्रीकडून बघून घ्याव्यात.

सीएनजी अर्टिगाला मागणी मोठी आहे. तरी दोन गोष्टी आधी बघाव्यात. रोजच्या वाटेवर पंप आहे का, आणि टाकीची हायड्रो टेस्ट झाली आहे का. ही तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच. नोंद नसली तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. शिवाय टाकी डिकीत असते, त्यामुळं सात माणसं बसवून सामान ठेवायला जागाच उरत नाही.

गाडीच्या जमेच्या बाजू

मधल्या सीटची जागा हे अर्टिगाचं खरं बळ. ही सीट मागेपुढे सरकते, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांना पाय मोकळे सोडता येतात. चढ-उतार करायला गाडी बोलेरो किंवा इनोव्हाइतकी उंच नाही, गुडघेदुखीवाल्यांना हा मोठा दिलासा. मागच्या प्रवाशांसाठी छताला वेगळा एसी ब्लोअर आहे. शेवटची सीट पाडली की बियाण्याच्या बॅगा, किराणा, ठिबकचं सामान आरामात बसतं. चालवायला कारसारखी हलकी, शहराच्या गर्दीत वळवायला सोपी. आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक लगेच मिळतं.

कमी कुठं पडते?

नावाला सात सीट असल्या तरी लांबच्या प्रवासाला ती पाच मोठे आणि दोन मुलं अशीच धरावी. पहिल्या पिढीच्या गाडीत शेवटची रांग उभी असताना डिकी फक्त १३५ लिटरची उरते, दोन पिशव्या ठेवल्या की भरली. दुसऱ्या पिढीत ती २०९ लिटर आहे.

दुसरा मुद्दा रस्त्याचा. पहिल्या पिढीचा ग्राउंड क्लिअरन्स १८५ मिमी, दुसरीचा १८०. आकडा वाईट नाही, पण सात माणसं बसली की मागचा भाग दबतो आणि गावच्या गतिरोधकावर गाडी घासते. ही गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. मागं वजन भरलं आणि पाणंद रस्त्यावर चिखल असला की पुढची चाकं जागेवर फिरायला लागतात. बोलेरो किंवा इनोव्हात ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळं भरलेली गाडी चढावर पकड धरते. शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

डिझेल गाडी कमी आरपीएमला सुस्त वाटते. भरल्या गाडीनं घाटात चढताना गिअर वेळेवर उतरवला नाही तर ड्रायव्हर क्लचवर खेळत राहतो, आणि क्लच प्लेट लवकर जाते ती त्यामुळंच.

सुरक्षिततेचा मुद्दा सगळ्यात शेवटी विचारला जातो, खरं तर तो पहिला असायला हवा. ग्लोबल एनकॅपच्या २०१९ च्या चाचणीत दुसऱ्या पिढीच्या अर्टिगाला मोठ्यांसाठी तीन तारे मिळाले, मात्र गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या एलएक्सआय, एलडीआय या खालच्या मॉडेलमध्ये तर एअरबॅगच नव्हत्या. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलंच मॉडेल घ्यावं. स्टिअरिंगवर एअरबॅगचं नाव आहे यावर थांबू नये. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदात विझला पाहिजे. दिवा पेटतच नसेल तर समजावं की काहीतरी लपवलंय.

टॅक्सीत चाललेली गाडी कशी ओळखायची?

मीटरवर ७० हजार किमी दिसतात म्हणून भुलायचं कारण नाही. मीटर मागं घेणं हा या बाजारातला जुना धंदा आहे. खोटं उघडं पडतं ते इतर ठिकाणी.

क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची कड बसलीय का, स्टिअरिंगचं वरचं आवरण चकचकीत झालंय का ते बघावं. ७० हजारांच्या गाडीत हे सगळं एकदम झिजत नाही. मधल्या आणि मागच्या सीटचे पट्टे ओढून बघावेत, खासगी गाडीत मागचे पट्टे बहुधा नव्यासारखे असतात. नंबर प्लेटच्या मागं, दाराच्या कडेला पिवळ्या रंगाचे डाग किंवा स्टिकर काढल्याच्या खुणा सापडतात. स्पीड गव्हर्नर काढल्याची जागाही मिस्त्रीच्या लक्षात येते.

टायरवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी ४० हजार चालली म्हणतात आणि चारही टायर दोनदा बदललेले दिसतात, तर विचारायला हवं. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलं की नंबरावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी आणि तेव्हाचे किलोमीटर कळतात. मालक यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघावी.

टॅक्सीत चाललेली गाडी घेऊच नये असं नाही. नियमित सर्व्हिस झालेली, योग्य किमतीत मिळणारी आणि रीतसर खासगी करून घेतलेली गाडी चालू शकते. खासगीच्या भावात मात्र ती घेऊ नये.

पुरातली गाडी

२०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुराचं पाणी शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या तालुक्यात विकल्या जातात. मॅट उचलून खालचा गालिचा हातानं दाबावा, कुबट वास येतो का बघावा. सीटच्या लोखंडी पट्ट्या, स्टेपनीचा खड्डा, फ्यूज बॉक्सच्या आजूबाजूला गंज किंवा गाळ दिसला तर गाडी सोडून द्यावी. वायरिंगमध्ये पाणी गेलेल्या गाडीचे दोष एकेक करत दोन वर्षं निघत राहतात.

ट्रायल घेताना

गाडी बघायला सकाळी जावं आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नका असं सांगावं. थंड इंजिन सुरू होताना समोरून साखळीसारखा खडखडाट आला तर टायमिंग चेन संशयास्पद. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात फुफाटा आला तर इंजिन थकलंय.

ट्रायल एकट्यानं रिकाम्या रस्त्यावर घेऊ नये. घरातली पाच-सहा माणसं बसवून एखादा चढ चढावा, खराब रस्त्यावरून न्यावी, दोन्ही एसी पूर्ण सुरू ठेवावेत. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल तर क्लच प्लेट गेली. एसएचव्हीएस असलेल्या गाडीत बॅटरीची विशेष चौकशी करावी. दुसऱ्या पिढीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत नेहमीच्या बॅटरीशिवाय लिथियम-आयनची वेगळी बॅटरी आहे आणि ती साध्या बॅटरीच्या भावात येत नाही.

मिस्त्री आपला असावा, एजंटने आणलेला नव्हे. त्याला हजार-दोन हजार रुपये दिले तरी ते वाया जात नाहीत. त्यानं काढलेल्या कामांची यादी करून तेवढी रक्कम भावातून कमी करून मागावी.

कागद पक्के, मगच पैसे

एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि कर्जाचा बोजा कळतो. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघावेत. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकीत ई-चलन विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघावं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची अर्टिगा आज स्वस्त वाटते, पण तिची मुदत २०२७ मध्ये संपते. पुढं पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर असा खर्च आहे. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या तिथल्या दहा वर्षांच्या निर्बंधामुळं स्वस्तात इकडं येतात. तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर धरला की ती स्वस्ताई बरीच कमी होते.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं, असं मोटार वाहन कायदा सांगतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. "सही करून ठेवलीय, सावकाश करू" हे विकणाऱ्यालाही महागात पडतं. गाडी पुढं विकली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

इसार द्यायचाच असेल तर रक्कम लहान ठेवावी आणि कागदावर लिहून घ्यावी: गाडीचा नंबर, ठरलेला भाव, मीटरचे किलोमीटर आणि "कागदपत्रांत किंवा तपासणीत दोष निघाल्यास इसार परत" हे वाक्य. सही करायला जो मालक तयार होत नाही, त्याची गाडी कितीही चकचकीत असली तरी तिथून निघालेलं बरं. अर्टिगा बाजारात भरपूर आहेत, आठ दिवसांनी दुसरी मिळते.