‘हवंय, हवंय!’ म्हणणारी रॉकगाणी

रॉकगाण्यांतून प्रेमभंग वजा केला, तरी हाव, भूक आणि ईर्षा भरपूर उरते. मात्र गाण्यात मागितलेलं आणि पदरात पडलेलं यांचा मेळ क्वचितच बसतो.

‘सॅटिस्फॅक्शन’ हे अतृप्तीचं सर्वांत गाजलेलं गाणं. १९६५ साली गिटारवादक कीथ रिचर्ड्सने त्याची धून अर्धवट झोपेत टेप केली. सकाळी टेप लावली तर थोडी गिटार आणि मग नुसतं घोरणं!

आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथे ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या क्वीन बँडचं ‘आय वॉन्ट इट ऑल’ १९८९चं. सगळंच पाहिजे, अशी उघड मागणी. पण १९८६नंतर फ्रेडी क्वीनसोबत मैफलीला उभाच राहिला नाही, त्यामुळे हे गाणं त्याने रंगमंचावर कधी गायलं नाही. १९९२च्या एप्रिलमध्ये वेम्बलीला त्याच्या स्मृतिमैफलीत ते घुमलं, तेव्हा गायला होता रॉजर डाल्ट्री.

जॅनिस जॉप्लिनचं ‘मर्सिडीज बेन्झ’ माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. देवाकडे गाडी नि रंगीत टीव्ही मागत तिने चंगळवादाची भर चौकात रेवडी उडवली. १ ऑक्टोबर १९७०ला, वाद्यांशिवाय, एका दमात हे ध्वनिमुद्रित झालं. तीन दिवसांनी, सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. तिची स्वतःची गाडी पोर्शे होती, आणि तीही रंगीबेरंगी चित्रांनी मढवलेली. पुढे हेच गाणं मर्सिडीजच्या जाहिरातीत वाजलं!

आता काहीच न मागणाऱ्या गाण्यासाठी जबलपूरकडे या. इथल्या नर्मदेवर रॉकचं एक नितांतसुंदर गाणं आहे, इंडियन ओशनचं ‘मा रेवा’, ‘कंदिसा’ या २०००च्या अल्बममधलं. बँडचा गायक आणि बास गिटारवादक राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा पर्यावरणीय विषशास्त्रातला डॉक्टर. प्रयोगशाळेत स्थिरावण्याऐवजी तो नर्मदा आंदोलनात उतरला. नर्मदेच्या खोऱ्यात हे लोकगीत त्याच्या कानी पडलं आणि ते बँडने आपलंसं केलं. यात स्वतःसाठी मागणं नाही, नदीचं कौतुक आहे. तरी ढोल-गिटारचा जोर असा की अख्खं सभागृह तालावर डोलतं.

जबलपुरातल्या महाराजपूरच्या पोरांनी गिटार हाती घेतली, तर आधी हेच बसवावं आणि थेट नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन वाजवावं.