'गिव्ह अप' : अर्थ आणि प्रयोग

संस्कृतातील 'हृ' धातूला प्र, आ, वि, सम् हे उपसर्ग लागले म्हणजे प्रहार, आहार, विहार, संहार असे भिन्नार्थी शब्द सिद्ध होतात, हे वाचकांस परिचित आहे. इंग्रजीत असे कार्य पुष्कळदा क्रियापदामागून येणारे अव्यय करते. या जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ मधील ग्रंथाने प्रचारात आणली. तथापि त्या परकीयांस अवघड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले होते. 'गिव्ह अप' हे त्याचे बोलके उदाहरण होय.

'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर; या दोहोंच्या बेरजेतून आजचा अर्थ हाती लागत नाही. पीटरबरो येथील जुन्या बखरीत ११३२ सालच्या नोंदीत ही जोडी आढळते, ती तेथील मठाचे अधिपतिपद स्वाधीन करण्याच्या संदर्भात. स्वाधीन करणे म्हणजे आपला ताबा सोडणे. हा धागा धरला म्हणजे पुढील अर्थांची संगती लागते.

कर्म एखादी सवय असेल, तर 'सोडणे' हा अर्थ होतो. कर्म मुळीच नसेल, तर 'प्रयत्न सोडणे, हार मानणे' असा होतो. कर्म आत्मवाचक सर्वनाम असेल, तर 'पोलिसांच्या वा शत्रूच्या स्वाधीन होणे' असा होतो. 'द डॉक्टर्स हॅव गिव्हन हिम अप' या वाक्यात मात्र सुटते ती आशा, रोगी नव्हे. 'डॉक्टरांनी त्याला सोडून दिले' असे भाषांतर केल्यास त्यांच्यावर कर्तव्यच्युतीचा आरोप येतो. 'डॉक्टरांनी त्याची आशा सोडली' हेच यथार्थ होय.

रचनेचे दोन नियमही ध्यानी ठेवावेत. कर्म सर्वनाम असल्यास ते मध्येच येते : 'गिव्ह इट अप' शुद्ध, 'गिव्ह अप इट' अशुद्ध. तसेच, सोडावयाची क्रिया सांगताना 'गिव्ह अप स्मोकिंग' असे म्हणावे, 'गिव्ह अप टू स्मोक' असे नव्हे.

'गिव्ह इन' याच्याशीही गल्लत होऊ नये. तेथे माणूस दुसऱ्याच्या आग्रहापुढे वा बळापुढे नमतो; 'गिव्ह अप' मध्ये तो स्वतःच्या हातातले सोडतो. म्हणून भाषांतरकाराने आधी कोशातील प्रतिशब्द शोधण्यापेक्षा, कोणी काय सोडले, हा प्रश्न वाक्याला विचारावा.