वेगाच्या वितरणातून शक्तीचे वितरण

ज्या राशीचे मूल्य आधी सांगता येत नाही, पण ते कोणत्या मर्यादांमध्ये किती संभाव्यतेने असेल हे सांगता येते, तिला संख्याशास्त्रात यादृच्छिक चल म्हणतात आणि संभाव्यतेच्या या विभागणीला तिचे वितरण. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर आहेत तशा पवनचक्क्यांची आखणी करताना वाऱ्याचा वेग हा असा चल असतो. परंतु प्रत्यक्षात हवे असते ते वाऱ्यातील शक्तीचे वितरण, आणि हवेची घनता स्थिर मानल्यास ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते.

एका वितरणातून दुसरे मिळवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग संचयी वितरण फलनाचा आहे. चलाचे मूल्य दिलेल्या मर्यादेइतके किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता हे फलन सांगते. वेग सेकंदाला १० मीटरपेक्षा अधिक नसणे आणि त्याचा घन १,००० पेक्षा अधिक नसणे ही एकच घटना असल्याने दोहोंची संभाव्यताही एकच.

संभाव्यता घनता, म्हणजे मूल्यांच्या एकक रुंदीमागे येणारी संभाव्यता, मात्र अशी जशीच्या तशी उचलता येत नाही. वेगाचा ४ ते ५ हा पट्टा घन केल्यावर ६४ ते १२५ असा ६१ एकक रुंद होतो, तर १० ते ११ हा तेवढाच पट्टा ३३१ एकक रुंद होतो. पट्ट्यातील संभाव्यता तीच राहते आणि रुंदी वाढते, म्हणून घनता विरळ होते. नव्या घनतेच्या सूत्रात अवकलजाने, म्हणजे वेगागणिक घन ज्या दराने बदलतो त्या दराने, भागावे लागते ते याचसाठी, आणि हे कारण सूत्राच्या आधी शिकवले जाणे फार आवश्यक आहे.

याच असमान ताणामुळे सरासरीवर विसंबणे महागात पडते. वेगाच्या स्थूल वर्णनासाठी नेहमी वापरले जाणारे रॅले वितरण गृहीत धरल्यास घनांची सरासरी ही सरासरी वेगाच्या घनाच्या सुमारे १.९१ पट येते. सरासरी वेग ६ असेल, तर घनांची सरासरी २१६ नसून ४१२ च्या आसपास असते.

यंत्राची वीजनिर्मिती मात्र ठरावीक वेगानंतर कमाल क्षमतेवर स्थिर राखली जाते, त्यामुळे त्यापुढच्या, यंत्र सुरक्षिततेसाठी थांबेपर्यंतच्या, सर्व वेगांची संभाव्यता एकाच मूल्यावर साचते. तेथे घनता सांगताच येत नाही, पण संचयी फलन त्या बिंदूवर एकदम उडी घेऊन हा साठा अचूक दाखवते.