हरिपाठ तोंडपाठ, पण घराची वाट चुकते

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला येते. संध्याकाळी तंबूतंबूंतून हरिपाठ सुरू होतो आणि सत्तरी-पंचाहत्तरीचे आजोबा एकही शब्द न चुकता तो म्हणतात. त्यांच्यातल्याच एखाद्याला ‘दुपारी काय जेवलात?’ असे विचारले, तर मात्र आठवत नाही. घरचे निर्धास्त असतात : एवढे पाठ आहे, मग स्मरणशक्तीला काय झाले? फसगत होते ती इथेच.

स्मरण ही मेंदूतली एकच कोठी नाही. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलायसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढण्यात आला. त्यानंतर नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. पण आरशात बघून चांदणी गिरवण्याचा सराव दिला, तेव्हा हात रोज सुधारत गेला. आपण हे काल केले होते, याचा मात्र त्याला पत्ताच नसे. हाताचा सराव मेंदू वेगळ्या वाटांनी जपतो. शेकडो वेळा घोळलेले, तालासुरात बसलेले अभंगही असेच बराच काळ टिकतात.

अल्झायमर हे डिमेन्शियाचे सर्वांत मोठे कारण. त्याचा घाव बहुधा आधी हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागावर पडतो. जागेचा ‘नकाशा’ सांभाळणाऱ्या पेशीही तिथेच असतात. त्यांच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. म्हणून जेवण विसरणे आणि वाट चुकणे जोडीने येते. वारीच्या गर्दीत कुणीही हरवेल, ते सोडा. चाळीस वर्षे राहिलेल्या गल्लीत घर सापडेना, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा आला, दुकानदाराशी पैशांचा हिशोब जुळेना, तर सावध व्हावे. शेजाऱ्याचे नाव आत्ता आठवले नाही आणि तासाभराने आठवले, एवढ्याने घाबरू नये.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण इथे घात करते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. उरलेल्या नव्वदांहून अधिक टक्क्यांना तो नाही. मग वय झाले की असे होणारच, हे कसे?

शिवाय प्रत्येक विसरभोळेपणा अल्झायमर नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त यांनीही स्मरण ढासळते, आणि यांवर उपचार आहेत. त्यासाठी रक्ततपासणी आणि गरजेनुसार डोक्याचे स्कॅन करावे लागते. अल्झायमर आज बरा होत नाही. पण निदान लवकर झाले, तर औषधे, पैशांचे व्यवहार आणि सोबतीला कोण राहणार, हे आजोबांना विचारून ठरवता येते.

अशा माणसाला वारीला नेऊ नये, असे नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशात नाव, गाव आणि मुलाचा फोन नंबर लिहिलेला कागद शिवून ठेवावा, दिंडीप्रमुखाला कल्पना द्यावी. मदतीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे : १४५६७.