किशोरवयीनांमधील सेक्स्टिंग

सेक्स्टिंग म्हणजे नग्न वा अर्धनग्न छायाचित्र, चित्रफीत किंवा लैंगिक आशयाचा मजकूर मोबाईल अथवा आंतरजालाद्वारे पाठविणे, स्वीकारणे किंवा पुढे धाडणे होय. बहुधा असे छायाचित्र पाठविणाऱ्या व्यक्तीने स्वतःच काढलेले असते. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत या वर्तनातून मानसिक, सामाजिक आणि कायदेशीर स्वरूपाचे गंभीर परिणाम उद्भवू शकतात. त्यामुळे बालसंरक्षण व शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत हा विषय महत्त्वाचा मानला जातो.

संज्ञा

‘सेक्स’ आणि ‘टेक्स्टिंग’ (लघुसंदेश पाठविणे) या दोन इंग्रजी शब्दांच्या संयोगातून ही संज्ञा तयार झाली. कन्साइज ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या २०११ च्या आवृत्तीत तिचा समावेश झाला. प्रारंभी तिचा रोख लिखित संदेशांवर होता. कॅमेरा असलेले मोबाईल सर्वत्र पोहोचल्यावर छायाचित्रे व चित्रफिती हाच तिचा प्रमुख अर्थ बनला. मराठीत मूळ इंग्रजी शब्दच वापरला जातो.

प्रमाण

‘जामा पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली ३९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात अठरा वर्षांखालील १,१०,३८० जणांचा समावेश होता. सुमारे १४.८ टक्के मुलांनी असे संदेश पाठविल्याचे, तर २७.४ टक्के मुलांना ते मिळाल्याचे आढळले. सुमारे १२ टक्के मुलांनी दुसऱ्याचा संदेश त्याच्या संमतीविना पुढे पाठविला होता. वाढत्या वयाबरोबर हे प्रमाण वाढत असल्याचेही दिसून आले. या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हा प्रकार अपवादात्मक नाही. पण ‘सगळेच असे करतात’ ही मुलांमधील समजूतही खरी नाही.

कारणे व प्रकार

पौगंडावस्थेत लैंगिक कुतूहल जागे होते आणि समवयस्कांच्या मान्यतेला विलक्षण महत्त्व येते. परिणामांचा दूरवर विचार करण्याची क्षमता मात्र अद्याप विकसित होत असते. आकर्षण, प्रेमसंबंधातील विश्वास, थट्टा, पैज अशी कारणे यामागे असतात. ‘प्रेम असेल तर फोटो पाठव’ यासारखा भावनिक दबावही अनेकदा असतो.

अमेरिकी संशोधक जॅनिस वोलाक आणि डेव्हिड फिंकेलहॉर यांनी २०११ मध्ये अशा घटनांचे दोन गट केले. ज्या घटनेत प्रौढाचा सहभाग, जबरदस्ती, द्वेषबुद्धी किंवा संमतीविना प्रसार असतो, ती गंभीर; ज्यात यांपैकी काहीच नसते, ती प्रयोगात्मक. हा भेद लक्षात न घेतल्यास पीडित मूल आणि त्याला छळणारा यांना एकाच मापाने मोजले जाण्याचा धोका असतो.

हानीचे स्वरूप

डिजिटल छायाचित्राच्या असंख्य प्रती क्षणात निघतात. एकदाच पाहता येणारे किंवा आपोआप नाहीसे होणारे छायाचित्रही स्क्रीनशॉटने अथवा दुसऱ्या मोबाईलच्या कॅमेऱ्याने टिपता येते. ते वर्गात किंवा गावात पसरले की निंदा, बहिष्कार व छळ सुरू होतो. त्यातून नैराश्य, शाळा सुटणे आणि क्वचित आत्महत्येपर्यंत वेळ येते. समाजाचा दोषारोप बहुधा पसरविणाऱ्यावर नव्हे, तर जिचे छायाचित्र आहे त्या मुलीवर होतो. या दोषाच्या भीतीनेच मुले मदत मागत नाहीत, आणि त्यामुळे हानी वाढत जाते.

छायाचित्र उघड करण्याची धमकी देऊन पैसे वा आणखी छायाचित्रे उकळण्यास सेक्स्टॉर्शन म्हणतात. त्यात मुलगेही मोठ्या प्रमाणावर फसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने साध्या छायाचित्रावरून बनावट नग्नचित्र तयार करता येते. म्हणजे काहीही न पाठविलेली व्यक्तीही बळी ठरू शकते.

भारतातील कायदा

पॉक्सो अधिनियम, २०१२ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. बालकाचे अश्लील चित्रण करणे, तसेच प्रसारित करण्याच्या हेतूने ते साठविणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ ब नुसार अशा सामग्रीच्या प्रसारणास पहिल्या दोषसिद्धीत पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील निकालात ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग टाळावा, कारण ते बालकाचे शोषण आहे, असे सुचविले.

भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रियांच्या खाजगी चित्रणासंबंधी आहे. छायाचित्र काढण्यास दिलेली संमती म्हणजे ते इतरांना दाखविण्याची संमती नव्हे, हे तत्त्व त्यात स्पष्ट केले आहे.

बालकांच्या संरक्षणासाठी केलेले कायदे स्वतःचे छायाचित्र पाठविणाऱ्या बालकालाच अडचणीत आणू शकतात, हा पेच अनेक देशांत निर्माण झाला आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये समवयस्क अल्पवयीनांसाठी कायद्यात विशिष्ट अपवाद केले.

प्रतिबंध

केवळ भीती घालणारा उपदेश अपुरा पडतो. मुलांना संमती, खाजगीपणा आणि नकार देण्याचा अधिकार यांची जाण वयानुरूप द्यावी लागते. ‘पाठवू नका’ एवढेच न सांगता ‘मागू नका आणि आलेले पुढे धाडू नका’ हेही शिकविणे आवश्यक असते. समोर आलेले छायाचित्र पुढे न पाठविणारा विद्यार्थी त्या साखळीत खंड पाडतो. पालकांशी संकोचाविना बोलता येईल असे घरातील वातावरण हा सर्वांत मोठा आधार होय.

प्रसंग ओढवल्यास

१. मुलाला न रागावता त्याचे ऐकून घ्यावे. दोष विश्वासघात करणाऱ्याचा आहे, हे त्याला सांगावे.
२. धमकी देणाऱ्यास पैसे वा आणखी छायाचित्रे देऊ नयेत. त्याने मागणी थांबत नाही.
३. संभाषण, खात्याचे नाव, दुवा व दिनांक जपून ठेवावेत. मात्र पुरावा म्हणूनही ते छायाचित्र कोणाला पाठवू नये. शिक्षकांनी ते स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नये.
४. संबंधित समाजमाध्यमाकडे तक्रार करावी. अल्पवयीनांसाठी असलेल्या ‘टेक इट डाउन’ या निःशुल्क सेवेत मूळ छायाचित्र न पाठविता केवळ त्याची सांकेतिक खूण दिली जाते. तिच्या आधारे सहभागी माध्यमे ते शोधून हटवू शकतात.
५. बालकांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळ उपलब्ध आहे.

पॉक्सोखालील गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण दाबणे त्यामुळे कायद्याविरुद्ध ठरते. त्याचबरोबर बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास कलम २३ ने मनाई केली आहे.